बी, भांडवल आणि वेतन : तासगावच्या समृद्धीचा धम्मदृष्टीने विचार

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात तथागतांनी महाविजित नावाच्या एका राजाची कथा सांगितली आहे. राजा संपन्न होता, त्याची कोठारे भरलेली होती. आपल्या वैभवास साजेल असा एक महायज्ञ करावा असे त्याच्या मनात आले आणि त्याने पुरोहिताचा सल्ला मागितला. पुरोहिताचे उत्तर राजाच्या अपेक्षेबाहेरचे होते. राज्यात चोऱ्या व लुटालूट चालू आहे, अशा वेळी प्रजेवर नवा कर बसविणे योग्य नव्हे. बंधन, दंड किंवा हद्दपारी यांनीही हा उपद्रव शमणार नाही, कारण जे शिल्लक राहतील ते पुन्हा त्याच मार्गाने जातील. यास्तव जे शेती व पशुपालन करतात त्यांना बी व वैरण द्यावी, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे आणि जे राजसेवा करतात त्यांना अन्न व वेतन द्यावे. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामात रमले, राजाचा महसूल वाढला आणि प्रजा घराची दारे उघडी ठेवून निर्भयपणे राहू लागली.

या उपदेशातील एका बारकाव्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. बी, भांडवल आणि वेतन या तीन गोष्टी येथे वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. वेतनाने आजचा दिवस निभावतो, बी आणि भांडवल यांनी उद्याचा दिवस आपल्या हाती येतो. ज्या समाजात काहींना बी व भांडवल मिळते आणि उरलेल्यांना केवळ वेतन मिळते, त्या समाजात कोणी उपाशी राहिले नाही तरी विषमता राहते. प्रस्तुत लेखात हा निकष आम्ही सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासास लावून पाहणार आहोत. तासगावची निवड आम्ही दोन कारणांनी केली आहे. महाराष्ट्राने कष्टकऱ्याला कामाचा जो कायदेशीर हक्क दिला, त्याचा पहिला प्रयोग याच तालुक्यात झाला. आणि द्राक्ष व बेदाणा यांच्या बळावर दुष्काळी भागातील संपन्न तालुका म्हणून आज ज्यांचे नाव घेतले जाते, त्यांतही तासगाव अग्रभागी आहे. हक्काचे उगमस्थान आणि संपत्तीचे उगमस्थान एकच असावे, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

मसूरचे स्थानक

तासगाव हे पेशवाईच्या उत्तरकाळात परशुरामभाऊ पटवर्धन यांच्यामुळे प्रसिद्धीस आले. दाक्षिणात्य धर्तीचे गोपुर असलेले तेथील गणपतीचे देवालय त्यांच्याच काळातील आहे. पुढे १८४८ साली वारसाअभावी हे संस्थान खालसा झाले आणि कालांतराने तासगाव हा इंग्रजी अमलाखालील सातारा जिल्ह्याचा एक तालुका बनला. १९४९ साली संस्थानांच्या विलीनीकरणानंतर दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे आम्ही ज्या कालखंडाविषयी लिहीत आहोत त्याच्या आरंभी तासगाव, खटाव, वाळवा हे तालुके एकाच जिल्ह्यात होते, आणि या जिल्ह्याच्या पूर्वेकडील पट्ट्याला पाऊस हुलकावणी देत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत मुंबई इलाख्यावर मोठा दुष्काळ कोसळला. सरकारने दुष्काळी कामे काढली. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे तलावाचे काम सुरू झाले आणि त्या कामावर रोखपाल म्हणून सुभेदार रामजी सकपाळ यांची नेमणूक झाली. भुकेल्या मजुरांची मजुरी त्यांच्या हातून वाटली जाई. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची मुले साताऱ्याहून त्यांना भेटण्यास निघाली. त्यांत भीमराव होते. मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. अंगावर नवे कपडे होते, जवळ पैसे होते. परंतु ही मुले महार आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक जण तयार झाला, तोही अशा अटीवर की मुलांनी स्वतः गाडी हाकावी व तो पायी चालेल. वाटेत जवळ अन्न असूनही पाणी न मिळाल्यामुळे मुलांना उपाशी झोपावे लागले. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे आणि आपल्या मनावर त्याचा खोल ठसा उमटल्याचे त्यांनी नमूद केले आहे.

हा प्रसंग आपल्या समाजात सर्वांस ठाऊक आहे. त्याचा एक अर्थ मात्र सहसा ध्यानी घेतला जात नाही. मसूरच्या स्थानकावरील ती मुले गरीब नव्हती. त्यांचे वडील पगारदार होते, मुलांच्या खिशात भाड्याचे दुप्पट पैसे होते. तरीही त्यांना गाडी मिळाली नाही व पाणी मिळाले नाही. उत्पन्न असणे आणि संधी असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे लख्खपणे दिसते. ज्या देशांत जाती नाहीत तेथील अर्थशास्त्रज्ञ मिळकतीतील अंतर मोजून विषमतेचे माप काढतात. आमच्या देशात ते माप अपुरे पडते. येथे दोन प्रश्न विचारावे लागतात. माणसाच्या हाती किती पैसा आला हा पहिला, आणि त्या पैशाने त्याला काय घेता येते हा दुसरा.

वतनाची जमीन

बी आणि भांडवल यांचा विचार करताना प्रथम जमिनीचा विचार करणे प्राप्त आहे. गावगाड्यात महारांकडे वतनाची जमीन होती. तिच्या बदल्यात गावाची व सरकारची कामे रात्रंदिवस करावी लागत. सांगावा पोहोचविणे, सरकारी अंमलदारांची बडदास्त ठेवणे, मेलेली गुरे ओढणे, दवंडी देणे अशी ती कामे होती. मोबदला म्हणजे वतनी जमिनीचा तुकडा आणि बलुते. आटपाडीच्या शंकरराव खरात यांनी आपल्या ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्रात या तराळकीचे जे चित्र उभे केले आहे ते याच दुष्काळी पट्ट्यातील आहे. त्याच तराळाच्या घरातील हा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

वतन हे हक्काचे लेणे नसून पायातील बेडी आहे, हे बाबासाहेबांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारता’तून समाजास समजावून सांगितले. १९२८ च्या मार्च महिन्यात त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते संमत होऊ शकले नाही. वतनाने माणसाला गावाशी बांधून ठेवण्याइतकेच मिळत असे, उभे राहण्याइतके कधीच मिळत नसे, हे त्यांच्या टीकेचे मर्म होते. अखेर १९५८ साली कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा कायदा झाला. तो पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

या कायद्याने वेठ गेली, हे त्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु जमिनीचे काय झाले? कायद्यानुसार वतनी जमिनी सरकारजमा झाल्या आणि शेतसाऱ्याच्या पटीत ठरविलेली रक्कम मुदतीत भरणाऱ्या वतनदारास त्या नव्या शर्तीने परत मिळावयाच्या होत्या. ज्यांना ही तरतूद कळली नाही किंवा ज्यांच्याजवळ भरण्यास पैसे नव्हते, त्यांचा कायदेशीर हक्क संकटात आला. ज्यांना जमीन परत मिळाली त्यांच्या वाट्यास भाऊबंदांत वाटून उरलेले तुकडे आले. नव्या शर्तीच्या जमिनीचे हस्तांतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून करता येत नसे. हेतू संरक्षणाचा होता. तथापि कर्ज देणारा जेव्हा तारण मागतो तेव्हा तुकडा व त्यावरील बंधन या दोहोंमुळे या जमिनीची किंमत कमी धरली जाते. आधुनिक शेतीस लागणारे भांडवल ज्या दरवाजातून येते, त्या दरवाजापाशी आपला माणूस असा मागे राहिला.

विसापूरचा प्रयोग

१९५७ साली रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाल्यावर भूमिहीनांचा प्रश्न दादासाहेब गायकवाड यांनी रस्त्यावर आणला. १९५९ च्या सत्याग्रहानंतर ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशव्यापी भूमिहीन सत्याग्रहास प्रारंभ झाला. लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. मागणी स्पष्ट होती. पडीक व सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनास मिळावी, ही ती मागणी.

त्यानंतर काही महिन्यांनी, १९६५ साली, तासगाव तालुक्यातील विसापूर व आसपासच्या गावांत एक वेगळा प्रयोग सुरू झाला. त्याचे प्रवर्तक वि. स. पागे हे त्या वेळी महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, सर्वोदयी विचारांचे व संतवाङ्मयाचे अभ्यासक अशी त्यांची ओळख होती. जो अंगमेहनतीस तयार आहे त्यास शासनाने काम दिलेच पाहिजे, आणि ते काम गावाच्या विकासाचे असावे, अशी त्यांची कल्पना होती. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहिरी, रस्ते अशी कामे त्यातून व्हावयाची होती. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु इतिहासाच्या वाचकाने त्यांचा क्रम ध्यानी ठेवावा. भूमिहीनांनी जमीन मागितली होती, राज्याने जे देऊ केले ते काम होते.

कामाच्या या कल्पनेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. १९७२ च्या दुष्काळात त्याची कसोटी लागली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडण्याच्या त्या कामांवर जातीची उतरंड पूर्णपणे मोडली नाही, तरी एकाच हजेरीपटावर सर्वांची नावे आली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीस १५ दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, स्त्री व पुरुष यांना कामाच्या मापाने सारखाच दर द्यावा, अशा त्यातील तरतुदी होत्या. भत्ता आरंभी दिवसाला १ रुपया इतका अल्प होता. तरी काम ही दया नसून हक्क आहे, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क राज्यधोरणाचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून आला होता. त्याला न्यायालयात मागता येईल असे रूप भारतात प्रथम महाराष्ट्राने दिले. पुढे २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभवच त्याच्या पाठीशी होता.

या योजनेस पैसा कोठून आला हेही पाहण्यासारखे आहे. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लागू केला. पगारदार, व्यापारी व व्यावसायिक यांच्या मिळकतीतून कापला जाणारा हा कर रोजगार हमीच्या निधीत जाई, आणि करातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच रक्कम शासन स्वतःची घाली. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे तासगाव-आटपाडीच्या माळावर पाटी उचलणाऱ्या बाईच्या हाती पडत. श्रीमंत शहराने गरीब खेड्याचे देणे कायद्याने द्यावे, अशी ही व्यवस्था होती. दात्याचे नाव घेणाऱ्यास ठाऊक नाही, घेणाऱ्याला दात्यापुढे वाकावे लागत नाही. दानाचे याहून स्वच्छ रूप आधुनिक राज्यव्यवस्थेत क्वचितच सापडेल.

तलाव कोणाचा, पाणी कोणाचे

आता आमच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. रोजगार हमीच्या कामावर मजूर कोण होते? ज्यांच्याजवळ जमीन नव्हती किंवा असून नसल्यासारखी होती ते. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. त्यांनी पाझर तलाव खोदले, नाले अडविले, बांध घातले. तलाव पुरा झाला तेव्हा मजुराची मजुरी संपली. तलावाखालील विहिरींचे पाणी मात्र वाढत गेले, आणि त्या विहिरी ज्याच्या जमिनीत होत्या त्याच्या मालकीच्या होत्या. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. तिच्यात मागासवर्गीय व अल्पभूधारक शेतकऱ्यांना अधिक सवलत होती, ही चांगली गोष्ट. परंतु फळबाग लावावयाची तर जमीन हवी, हे तेथेही सुटले नाही. सार्वजनिक पैशाने आणि भूमिहीनांच्या श्रमाने जी मालमत्ता निर्माण झाली तिचे फळ जमिनीच्या प्रमाणात वाटले गेले. वेतन श्रमणाऱ्यास मिळाले, भांडवल मालकास.

मजुरीच्या दराची हकीकतही बोलकी आहे. आरंभी हा दर हेतुतः कमी ठेवला गेला. शेतावरील मजूर सरकारी कामाकडे ओढला जाऊ नये, ही त्यामागील चिंता होती. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरीबविषयक कायद्यात असेच तत्त्व होते. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत कमी मजुरीच्या कामगाराहूनही हलकी असली पाहिजे, असे ते मानीत. १९८८ साली आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर आली. मजुराला दुसरा पर्याय मिळाला की शेतमालकाशी बोलताना त्याचा आवाज बदलतो, हे त्या काळी गावोगाव दिसले. या योजनेचे खरे सामर्थ्य त्या बदललेल्या आवाजात होते असे आम्हांस वाटते. तरी एक अडचण होती. किमान ५० मजूर असल्यावाचून नवे काम काढता येत नसे. ज्या गावात बौद्ध वस्ती १५-२० घरांची, तेथे ही संख्या एकट्याने भरणे शक्य नव्हते. गावातील इतरांनी मागणी केली तरच काम निघे.

कायद्याने पाण्याच्या मालकीचा प्रश्न सोडविला नाही. तो लोकांनी उपस्थित केला. पुणे जिल्ह्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या संख्येवर वाटावे आणि भूमिहीनासही पाण्याचा हक्क असावा, असे तत्त्व घातले. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील बलवडी येथे येरळा नदीवर १९८० च्या दशकात लोकांनी बळीराजा स्मृती धरण उभारले. त्याच्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा समान वाटा असावा, हा विचार या भागातील मुक्ती संघर्ष चळवळीने धरला. १९९३ पासून आटपाडी येथे भरू लागलेल्या पाणी परिषदांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी कृष्णा खोऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांत पसरविली. येरळा ही खटावातून खानापूरला, तेथून तासगावच्या बाजूस येते व पुढे कृष्णेस मिळते. ज्या खटाव तालुक्यात एका महार मुलाला घोटभर पाणी मिळाले नाही, तेथून येणाऱ्या नदीच्या काठी भूमिहीनाचा पाण्यातील वाटा मांडला गेला, ही गोष्ट इतिहासाने नोंदविण्यासारखी आहे. चवदार तळ्यावर १९२७ साली जो हक्क पिण्याच्या पाण्यासाठी मागितला गेला, तोच येथे संपत्ती निर्माण करणाऱ्या पाण्यासाठी मागितला गेला.

द्राक्षाचा मांडव

तासगावची आजची संपन्नता कोणाची मेहरबानी नव्हे. कमी पावसाच्या माळावर शेतकऱ्यांनी जिद्दीने द्राक्षबागा उभ्या केल्या. ‘तास-ए-गणेश’ हे बिनबियांचे वाण याच तालुक्यातील शेतकऱ्याच्या निवडीतून पुढे आले. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी भागाकडे वळविले. बेदाण्याचे सौदे, शीतगृहे, प्रतवारी यांमुळे तासगावची बाजारपेठ देशात नावारूपास आली. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्यांनी हे केले त्यांच्या कर्तबगारीविषयी आमच्या मनात आदरच आहे. अवकाळी पाऊस, कर्ज व बाजारभाव यांनी द्राक्षबागायतदारही पिचतो, हेही आम्ही जाणतो.

तथापि द्राक्षाची बाग म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. लोखंडी अँगल व तारांचा मांडव, ठिबक सिंचन, औषधे, एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी. पीक हाती येण्यापूर्वीच मोठी रक्कम जमिनीत ओतावी लागते. ज्याच्याजवळ जमीन त्यास सोसायटीचे कर्ज, ज्यास कर्ज त्यास बाग, ज्याची बाग त्याची बाजारात पत. ही साखळी जमिनीच्या कडीपासून सुरू होते. ज्याच्याजवळ ती कडी नाही तो त्याच बागेत छाटणीस, विरळणीस, घड औषधात बुडविण्यास किंवा बेदाणा शेडवर निवडणीस येतो. काम त्याला मिळते. हंगामात तर काम मुबलक मिळते. परंतु वीस वर्षे बागेत काम करूनही बाग लावण्याची संधी त्याच्या वाट्यास येत नाही. कौशल्य त्याच्या हातात असते, बाग दुसऱ्याच्या नावावर.

संपन्न समाजात विषमता असू नये असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल काय? बाबासाहेबांनी या प्रश्नास १९४७ सालीच उत्तर दिले होते. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातिभेद न करता गावकऱ्यांस सामुदायिक रीतीने कसण्यास द्यावी, साधने व बी राज्याने पुरवावे, अशी योजना मांडली. त्याही आधी, १९१८ साली, लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात त्यांनी दाखविले होते की भारतीय शेतीचे दुखणे केवळ तुकड्यांचे नसून भांडवलाच्या अभावाचे व रिकाम्या हातांचे आहे. पुढे संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणात राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता एकत्र नांदू लागल्यास लोकशाहीचा डोलारा धोक्यात येईल, असा इशारा त्यांनी दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३८ मध्ये उत्पन्नातील विषमता कमी करणे आणि दर्जा, सुविधा व संधी यांतील विषमता नाहीशी करणे, असे राज्याचे कर्तव्य लिहिले गेले. शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. उत्पन्नातील विषमता कमी करावयाची आहे, संधीतील विषमता नाहीशी करावयाची आहे.

उपासकांपुढील प्रश्न

चक्कवत्तिसीहनाद सुत्तात दुसऱ्या एका राजाची कथा आहे. त्याने राज्याचे रक्षण केले, परंतु निर्धनांस धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली. पहिल्या चोराला राजाने दया येऊन धन दिले. दुसऱ्यालाही दिले. मग लोकांत वार्ता पसरली की चोरी केली की धन मिळते. राजा घाबरला व शिरच्छेद करू लागला, तेव्हा लोकांनी शस्त्रे हाती घेतली. हिंसा आली, असत्य आले, आयुष्य क्षीण होत गेले. तथागतांनी येथे दारिद्र्याचे मूळ पूर्वजन्मीच्या कर्मात शोधले नाही. ते राज्याच्या वर्तनात शोधले. संकट आल्यावर एकेकाला दिलेली मदत आणि आधीपासून सर्वांना दिलेली व्यवस्था यांतील भेद या दोन राजांच्या कथांतून स्पष्ट होतो.

हा निकष आम्ही शासनास लावतो, तसा स्वतःसही लावला पाहिजे. आज बौद्ध समाजातही अंतर पडले आहे. आरक्षणाने व शिक्षणाने आपल्यातील काही कुटुंबे शहरांत स्थिरावली. त्यांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. त्यांचेच आप्त तासगावच्या मांडवाखाली विरळणी करीत असतील. कर भरला म्हणजे नाते फिटले, असे कोणी मानू नये. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा, गोडधोडाचा वाटा आणि वेळेवर सुट्टी. शहरातील बौद्ध कुटुंबाने आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईशी वागताना ही पाचही पाळली आहेत काय, हे प्रथम पाहावे आणि मग बागायतदारास प्रश्न विचारावा.

भांडवलाचा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. पश्चिम महाराष्ट्रातील लेणी केवळ राजांनी कोरविली नाहीत. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याची टाकी दिली, कार्ल्याला एका सुताराने द्वार दिले. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात ३००० कार्षापणांची कायमची ठेव नोंदली आहे. त्यांपैकी २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने ठेवले होते, आणि त्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. मुद्दल अबाधित राहिले, विणकरास खेळते भांडवल मिळाले आणि संघास वस्त्र मिळाले. एकाच ठेवीने तिघांचे काम केले.

आमच्या विहारांतून वर्षावासात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी निधी जमतो. तो मंडप, रोषणाई व भोजन यांत संपतो. त्यातील एक भाग प्रत्येक विहाराने अक्षय ठेव म्हणून बाजूस काढावा. तिच्या आधाराने वस्तीतील कुशल छाटणीकार चार-पाच जणांनी मिळून बाग खंडाने घेऊ शकतील, स्त्रियांना बेदाणा प्रतवारीचा स्वतःचा व्यवसाय उभा करता येईल, मुलीचे शिक्षण हंगामासाठी थांबणार नाही. दुसरे असे की, वस्तीतील प्रत्येक घराच्या वतनी जमिनीचा सातबारा व जुने फेरफार विहारात वाचले जावेत. ज्या काळी आपल्यास वाचता येत नव्हते त्या काळी जमिनी गेल्या. आज वाचता येत असूनही कोणी कागद पाहिला नाही, तर तो दोष इतिहासाचा राहणार नाही. तिसरे, पाण्याच्या वाटपात माणशी हक्काची मागणी जेथे जेथे होईल तेथे बौद्धांनी ती आपली मानावी. भूमिहीनाचा पाण्यावरील हक्क ही आपल्याच चवदार तळ्याची पुढची पायरी आहे.

सातारा जिल्ह्यातच कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. मुले कमवीत व शिकत. श्रम आणि विद्या यांची ती सांगड होती. रोजगार हमीने श्रमाला हक्क दिला, रयतने श्रमाला विद्या दिली. श्रमाला भांडवल देण्याचे काम अद्याप राहिले आहे.

गोरेगावच्या तलावावर रामजी सकपाळ मजुरांना पैसे मोजून देत होते. त्या मजुरांपैकी कोणाच्या नावावर तलावाचे पाणी झाले नाही. सव्वाशे वर्षांनी तासगावच्या मांडवाखाली उभे राहून आम्ही विचारतो की, हजेरीपटावरील नाव सातबाऱ्यावर केव्हा येईल? महाविजिताच्या पुरोहिताने वेतन सर्वांत शेवटी सांगितले होते. बी आणि भांडवल त्याने आधी सांगितले. तो क्रम आपल्या समाजाने व शासनाने पुन्हा एकदा वाचावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.

भवतु सब्ब मंगलं.